डबा शुक्रवारपर्यंत पुरला

आमचा हिशेब तेलात चालतो.
पंधरा किलोचा डबा सोमवारी फोडला
की बुधवारी रात्री उलटा करून ठेवायचा, निथळायला.
गोळीबार चौकाच्या अलीकडे, क्लासच्या जिन्याखाली,
अकरा वर्षं माझं हेच कॅलेंडर:
आलूबोंडा, समोसा, वर तर्री.

मग शाळेत वजनकाटा आला.
नर्सबाईनं पोट्ट्यांच्या कमरा मोजल्या,
पोरींचं रक्त तपासलं,
आणि घरोघरी कागद गेले.
हेडाऊंच्या चिन्मयीचं रक्त सात.
पराते टेलरचा दुष्यंत चौदा वर्षांचा,
वजन बापापेक्षा नऊ किलो जास्त.

रविवारी विणकर सोसायटीच्या हॉलात सभा.
पंखा एकच, तोही अध्यक्षांच्या डोक्यावर.
ठराव झाले.
मागच्या मैदानातले डेकोरेशनवाल्याचे बांबू हलवायचे.
सकाळी साडेपाचला शिटी, पोरींची रांग वेगळी नको.
महिन्यातून दोनदा सगळ्या आयांनी मिळून
भाकर, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याचे लाडू.
चौथा ठराव वाचताना नंदनवार सर
माझ्याकडे न पाहता
कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले.

मी उभी राहिली.
म्हटलं, सर, काहून नजर चोरता?
तुमी मागावर, घरची बाई कारखान्यात,
चार वाजता पोट्टं येते तर दाराले कुलूप.
तवा दहा रुपयांत त्याचं पोट कोन भरते?
पोट वाढलं ते दिसलं तुमाले.
भरलं ते नाही दिसलं.

पंख्याचा तेवढा आवाज आला.
मग निर्मला सोरते,
जिला मी नळावरसुद्धा कधी बोलताना ऐकलं नव्हतं,
ती बसल्या जागेवरून म्हणाली,
कढई नको उतरवू माय.
बाजूले एक पातेलं ठेव.

ठेवलं.
मोड आलेली मोट, कांदा, सांबार, लिंबू.
पहिल्या दिवशी गाईनं खाल्ली.
दुसऱ्या दिवशी गाईनंही तोंड फिरवलं.
तिसऱ्या दिवशी मी वरून तर्री सोडली,
थोडीच, चमच्याच्या टोकानं,
सभेत कोणाला सांगितलं नाही,
आणि सव्वापाचला पातेलं घासायला टाकलं.

आता डबा शुक्रवारपर्यंत पुरतो.
आठवड्याला सातशे रुपये कमी.
त्यावर कोणता ठराव नाही.
नवरा म्हणतो, धंदा बसला वाटते.
चिन्मयी रोज दोन गुळाचे लाडू उधार नेते,
वहीत तिचं नाव आहे, पुढे आकडा नाही.

मैदानावर जायचं काही माझं काम नव्हतं.
दूध आणायला निघाली होती, थंडीची,
तोंडाला स्कार्फ.
सगळे पुढे पळून गेलेले,
मागं एकटा दुष्यंत,
बुटाची नाडी लोंबत,
श्वास असा की भात्याला लाज वाटावी.
दोघं वळून वळून हसत होते.
सरांनी शिटी तोंडात धरली होती, वाजवली नाही.

त्याचे चार समोसे मला पाठ आहेत.
दोन तिथंच, दोन कागदात,
म्हणे बहिणीला.
त्याला बहीण नाही
हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं.

तो कुंपणापाशी थांबला, जाळी धरून.
मला वाटलं, पाणी मागेल.
म्हणाला, मावशी,
तू बी ये ना.
मंग मी शेवटचा नाही राह्यणार.

दुधाची बरणी कुंपणाला अडकवली,
पदर खोचला.
पायात रबरी चप्पल, उजवीचा अंगठा तुटका.
पाव मैदानातच पोटरी दगड झाली,
आणि तो पोट्टा पुढे गेला,
मागं वळून पाहत, पाहत,
मी आहे ना याची खात्री करत.

ते हसणारे दोघं आता मला हसतात.
हसू देत.
शेवटचा नंबर माझा आहे,
सकाळी साडेपाचचा,
आणि तो मी कोणाले देत नाही.